कोब्यावरची धूळ आणि आमचे डिटेक्टिव्ह

"सूक्ष्म निरीक्षण, पोलादी तर्क आणि निर्भीड सत्य यांचं एकमेव विश्वसनीय ठिकाण म्हणजे मी." हे वाक्य आमच्या यांनी स्वतःबद्दल लिहिलं, स्वतःच छापून घेतलं आणि त्या पाचशे कार्डांपैकी चारशे ब्याण्णव अजून माझ्या साड्यांच्या कप्प्यात आहेत. एरवी हे हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयात टेबलामागे बसतात. लोक छत्र्या आणून देतात, लोक छत्र्या घेऊन जातात. मधल्या वेळात छत्री आपण शोधली, असा यांचा प्रामाणिक समज आहे. मी यांची सहायक. लग्न ठरवताना हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

वन्संनी, म्हणजे यांच्या थोरल्या बहिणीने, नवीन घर बांधलं आणि फरशीऐवजी खाली सिमेंटचा कोबा करून घेतला. कुठल्याशा मासिकात फोटो पाहिला होता. त्यातला कोबा आरशासारखा होता. वन्संच्या कोब्यावर मात्र राहायला गेल्यापासून करडी, बारीक धूळ. सकाळी झाडा, दुपारी हजर. उशांवर धूळ, पुस्तकांवर धूळ. वन्संचे यजमान, आमचे भावोजी, काळ्या स्टुलावर पाय ठेवून बसले की पाचही बोटांसकट ठसा उमटायचा. वन्संना स्वच्छतेचा भारी सोस. त्यांचं डोकं फिरलं आणि सगळा राग निघाला मावशींवर.

मावशी त्यांच्याकडे अकरा वर्षं केरवारे करतात. गुडघे गेल्यामुळे बाकीची कामं सुटली, हे एकच घर उरलंय. वन्संनी त्यांना सांगून टाकलं, की रविवारपर्यंत धूळ थांबली नाही तर सोमवारपासून येऊ नका. मला फार वाईट वाटलं. काहीतरी करायला हवं म्हणून मीच यांना म्हटलं, जाऊन बघा तरी. चूक माझीच.

पहिला संशय शेजारणीवर. ती सतरंज्या झटकते आणि धूळ इकडे येते, असा सिद्धान्त. हे पडद्याआडून दोन तास पाळत ठेवून बसले. शेजारणीने सतरंजी काही झटकली नाही, पण खिडकीतून टक लावून बघणारा हा बाप्या कोण म्हणून नवऱ्याला बोलावलं. ते प्रकरण मी मिटवलं.

मग पाळी आली भावोजींच्या टाचांची. भेगाळलेली टाच म्हणजे चालताबोलता पुरावा, असं यांनी जाहीर केलं. भावोजी बिचारे गरीब गाय. दोन दिवस दोन-दोन मोजे चढवून घरात वावरले. टाचा शाबूत राहिल्या, मोज्यांचे तळवे मात्र करडे झाले. यांनी वहीत लिहिलं, "मोजे संशयास्पद."

शनिवारी यांनी बैठकीच्या खोलीच्या सगळ्या फटी चिकटपट्टीने बंद केल्या, आम्हाला बाहेर काढलं, कोबा खरखरीत झाडूने स्वतः चारदा झाडला आणि मधोमध खुर्ची टाकून बसले. कुणी आत आलं नाही, कुणी बाहेर गेलं नाही. तासाभराने खुर्चीभोवती पुन्हा धूळ. मी म्हटलं, अहो, मग ती आतलीच असणार. यावर मला सांगण्यात आलं, की सहायकाने निष्कर्ष काढायचे नसतात.

रविवारी सकाळी हे दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून वन्संकडे आले. गुन्ह्याचा फायदा कुणाला, हा म्हणे मूळ प्रश्न. धूळ संपली तर झाडूचं काम संपतं. म्हणजे धूळ हवीय कुणाला? मावशींना. त्याच ती पिशवीतून आणतात आणि पसरतात. एवढं बोलून यांनी सगळ्यांदेखत मावशींची पिशवी टेबलावर उलटी केली. चष्मा निघाला, गुडघ्याला लावायचं मलम निघालं, घडी घातलेला रुमाल निघाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग यांनी तासभर चौकशी केली. मंगळवारी कुठे होतात, झाडू कोणत्या हातात धरता, रुमालाची घडी चौकोनीच का. धुळीबद्दल एक अक्षर विचारलं नाही.

"झालं का विचारून?" मावशी म्हणाल्या.

त्यांनी टेबलावरची वन्संची किल्ली उचलली, गुडघा धरून खाली बसल्या आणि कोब्यावर एक रेघ ओढली. पिठासारखी भुकटी निघाली. ती रुमालाने पुसली, पुन्हा रेघ ओढली. पुन्हा भुकटी.

"ही बाहेरून येत नाही, साहेब. कोबाच सुटतोय. खरखरीत झाडूने जेवढा घासाल तेवढा जास्त सुटेल. लग्नाआधी मी बांधकामावर घमेली वाहिलीत. नव्या कोब्यावर आठवडाभर रोज पाणी मारावं लागतं, तेव्हा तो धरतो. इथे पाणी मारलेलंच नाही."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?" वन्संनी विचारलं.

"पहिल्याच आठवड्यात बोलले होते, ताई. तुम्ही म्हणालात, तुम्ही आपलं झाडा."

यांनी लगेच तपास हातात घेतला आणि खरा आरोपी गवंडी असल्याचं सांगून टाकलं. वन्संनी त्याला फोन लावला. तो आधीच तापलेला होता. त्याने सांगितलं, की पाणी मारायला त्याचा माणूस ठेवलेला होता. दुसऱ्याच सकाळी हातात भिंग घेतलेल्या एका गृहस्थाने त्याला पकडलं, रिकाम्या घरात पाणी ओतून पुरावे धुतोस का म्हणून दरडावलं, नळ बंद केला आणि पाइप जप्त करून नेला. "मी ताईंना तेव्हाच कळवलं होतं," गवंडी म्हणाला. "त्या म्हणाल्या, माझ्या भावाला त्यातलं कळतं."

मला आमच्या गॅलरीत दोन महिने पडलेला हिरवा पाइप आठवला. त्यावर यांच्या अक्षरात "मुद्देमाल" अशी चिठ्ठी आहे, आणि मी रोज त्याला अडखळते.

गवंड्याने सांगितलं, की कोबा धुऊन, पूर्ण वाळवून वरून आत मुरणारं केमिकल मारलं की धूळ थांबेल. आठ दिवस लागतील. वन्संनी पदराशी चाळा करत मावशींना म्हटलं, झालं गेलं जाऊ दे, उद्या या नेहमीसारख्या. सॉरीबिरी त्यांच्या तोंडून निघालं नाही. मावशींनी चष्मा पिशवीत ठेवला, मलम ठेवलं, भुकटीने माखलेला रुमाल झटकून ठेवला.

"येईन," त्या म्हणाल्या. "कोबा पक्का झाल्यावर. तोवर साहेब झाडतील. मऊ झाडूने, आणि वाकून."

वन्संनी भावाकडे पाहिलं. मावशींसारखी बाई पुन्हा मिळणार नाही, हे त्यांना आता कळलं होतं. भाऊ तर घरचाच, त्याला कुठे टाकणार.

तेव्हापासून हे ऑफिसच्या आधी आणि ऑफिसनंतर वन्संकडे जाऊन झाडतायत. अहवालात लिहिलंय, "गुन्हेगार कोबा. कबुलीजबाब माझ्या उपस्थितीत." तिसऱ्या दिवशी हे कमरेवर हात ठेवून घरात आले, सोफ्यावर अलगद टेकले आणि बराच वेळ आमच्या जमिनीकडे बघत राहिले.

"अगं," हे म्हणाले, "रोज झाडताना तुझीपण कंबर दुखते का?"

बावीस वर्षांत यांनी विचारलेला हा पहिला बरोबर प्रश्न. मी झाडू यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हटलं, शोधा.