बहिष्काराला तोबा गर्दी

"शनिवारी जो मैदानात पाऊल टाकेल तो गांडूळ!" क्लेम ब्रोझेकनं लेकपोर्टच्या रेडिओवर ठणकावून सांगितलं आणि अख्ख्या गावानं त्याला डोक्यावर घेतलं.

गाव उगाच पेटलं नव्हतं. हेरन्स हा त्यांचा बेसबॉलचा संघ एकोणीस वर्षं हरत होता, पण त्याचं कुणाला फारसं काही नव्हतं. लेकपोर्टचा माणूस हरणं आईच्या दुधाबरोबरच पितो. राग होता तो मालकावर. विथर्स्पून, गाद्यांचा कारखानदार. एखादं पोरगं जरा बरं खेळायला लागलं, गावातली लेकरं त्याच्या नावाचे शर्ट घालून हिंडायला लागली, की हा ते पोरगं श्रीमंत शहराला विकून मोकळा. खाटीक निदान बोकडाचं बारसं तरी करत नाही. हा आधी बारसं करायचा, मैदानाच्या भिंतीवर वीस फुटी चित्र काढायचा आणि मग विकायचा. सोमवारी त्यानं डॅरियस केसला विकलं. चेंडू फेकणारा असा पिचर गावाला चाळीस वर्षांत मिळाला नव्हता. भिंतीवरच्या चित्राचा रंगसुद्धा वाळायचा होता.

म्हणून शनिवारच्या सामन्यावर बहिष्कार ठरला आणि नळदुरुस्ती करणारा क्लेम पुढारी झाला. जन्मात पहिल्यांदा लोक त्याला गळक्या तोटीखेरीज दुसऱ्या कशासाठी तरी विचारत होते.

शनिवार उजाडला आणि क्लेमच्या डोक्यात किडा वळवळला. बहिष्कार पाळला जातोय की नाही, हे पुढाऱ्यानं बघायला नको? बाहेरून तर काही दिसत नाही. बायको लोरेटा चर्चमधल्या जुन्या वस्तूंच्या विक्रीला निघाली होती. तिला त्यानं मासे धरायला जातोय म्हणून सांगितलं आणि वाणसामानाची कागदी पिशवी घेतली, तिला डोळ्यांपुरती दोन भोकं पाडली. संघाची लाज वाटली की डोक्यावर पिशवी घालून बसायचं, ही लेकपोर्टची जुनी रीत. पिशवीतल्या माणसाला कोण ओळखणार?

आत शिरला आणि जागीच थिजला. मैदान खच्चून भरलं होतं. आणि जिकडे बघावं तिकडे पिशव्या!

शेजारची पिशवी खालून आत हात घालून शेंगदाणे खात होती. "बघ, बघ ही गांडुळं!" ती म्हणाली. "शरम विकून खाल्लीय एकेकानं."

"आणि तू रे?"

"मी पाहणीला आलोय."

"कुणी पाठवलं?"

"कुणी कशाला पाठवायला हवं? माझी जबाबदारी आहे. बहिष्काराच्या सभा माझ्याच गुत्त्यात होतात."

"स्टॅव्रोस?"

पिशवीतलं चावणं थांबलं. "कोण स्टॅव्रोस? मी नाही ओळखत..." मग हळूच, "क्लेम? अरे गाढवा, तू इथं काय करतोयस?"

"पाहणी."

तेवढ्यात मोठ्या पडद्यावर एक पिशवी झळकली. क्लेमनं डोकं खाजवलं, पडद्यावरच्या पिशवीनंही खाजवलं. मैदानभर निवेदकाचा आवाज घुमला, "आजचा आपला भाग्यवान प्रेक्षक! साहेब, पिशवी काढा आणि पुढच्या हंगामाचे दोन पास घेऊन जा!"

"नको काढू," स्टॅव्रोस दातओठ खात म्हणाला.

"काढ! काढ!" मैदान ओरडायला लागलं. क्लेम पळायला उठला, पण मागच्या रांगेतल्या कुणा सेवाभावी माणसानं पिशवी उपटलीच.

मग तीस हजार पिशव्या एका सुरात ओरडल्या, "गांडूळ!"

आता मात्र क्लेमचं टाळकं सटकलं. तो खुर्चीवर चढला. "मी गांडूळ? आणि तुम्ही कोण रे, नागोबा? काढा की पिशव्या! हिंमत असेल तर काढा!"

आधी स्टॅव्रोसनं काढली. मग पाद्रीबाबांनी. मग रेडिओवर क्लेमची मुलाखत घेणाऱ्या पोरीनं. भराभर पिशव्या उतरायला लागल्या आणि जो तो आपल्या शेजाऱ्याकडे बघून म्हणायला लागला, "मी फक्त बघायला आलो होतो." चार रांगा खाली एक पिशवी बराच वेळ तशीच बसून होती. क्लेमनं तिचे बूट ओळखले.

"लोरेटा!"

"मासे मिळाले का?" पिशवीतून आवाज आला.

दुसऱ्या दिवशी विथर्स्पूननं पत्रकार बोलावले. त्याचे डोळे पाणावले होते. "या हंगामातली सगळ्यात मोठी गर्दी! गावाचं एवढं प्रेम असताना महागड्या खेळाडूंची गरजच काय?" असं म्हणून त्यानं पिचरचे चेंडू झेलणारा कॅचरही विकला आणि तिकिटं महाग केली.

संध्याकाळी स्टॅव्रोसच्या गुत्त्यात सभा भरली. कुणीच कुणाच्या नजरेला नजर देईना. क्लेमनं टेबलावर मूठ आपटली. "पुन्हा बहिष्कार टाकायचा. पण या खेपेला कुणाचाही पाय घसरता कामा नये."

"मग बावीस तारीख धरा," सामन्यांच्या यादीवर बोट ठेवत लोरेटा म्हणाली. "त्या दिवशी आपला संघ परगावी खेळतोय."

ठराव एकमतानं मंजूर झाला.

बावीसला बहिष्कार शंभर टक्के पार पडला. मैदानात चिटपाखरू नव्हतं. क्लेम दुपारी स्वतः जाऊन फाटकाचं कुलूप हलवून बघून आला.