ऐंशी मायक्रॉन

रविवारी सकाळी नऊ वाजता ताथवड्याच्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये बुद्धभूषण एका जुन्या मोटरसायकलसमोर उकिडवा बसला होता आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. गाडी त्याची नव्हे, सासऱ्यांची. खंडूमामांनी ती सव्वीस वर्षं जिवापाड जपली आणि दोन महिन्यांपूर्वी जावयाच्या हवाली केली. आज अकरा वाजता चाकणला मामांच्या जुन्या कंपनीतल्या मंडळींचा मेळावा होता. मामा आणि मामी त्यासाठी आदल्या दिवशीच माणहून येऊन राहिले होते, कारण मामांना तिथे स्वतःच्या गाडीवरूनच जाऊन उतरायचं होतं.

गाडी दिसायला मात्र नवरीसारखी. भूषण एका कारखान्यात पेंट शॉपच्या क्वालिटीला होता. रंगात टाचणीच्या टोकाएवढं छिद्र दिसलं तरी माल परत पाठवणारा माणूस! सासऱ्यांना खूश करायचं म्हणून त्याने गाडी पार सुटी करून रंगवून घेतली होती. कोनाकोपऱ्यात, भोकाभोकात, सगळीकडे सारख्याच जाडीचा रंग, ऐंशी मायक्रॉन. पण तेव्हापासून बॅटरी टिकेना. रात्रभर चार्ज केली की गाडी सुरू व्हायची; चार-पाच किलोमीटर जाईपर्यंत हॉर्नचा आवाज बसायचा, मग इंडिकेटर मिणमिणायचे, मग इंजिन गप्प.

मामांना विचारायची सोय नव्हती. चार्जिंगच्या बाबतीत मामा म्हणजे त्यांच्या कंपनीतलं शेवटचं कोर्ट. मोटरसायकल चार्ज होत नाही म्हटलं की लोक तळेगावाहून त्यांना शोधत यायचे. अशा माणसाची गाडी आपण बिघडवली, हे त्याच माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं?

म्हणून भूषणने कंपनीची पद्धत लावली होती. 'व्हाय-व्हाय'. पाच वेळा 'का' विचारायचं. पाचव्या 'का'ला खरं कारण मुकाट्याने पुढे येतं, असा त्याचा अनुभव होता.

"बॅटरी का उतरते? चार्ज होत नाही म्हणून. का होत नाही? बॅटरीत वीज सोडणारा रेग्युलेटर गेला म्हणून."

"तो तर मंगळवारीच नवा टाकलास," त्याची बायको मिनल म्हणाली.

"मग वीज तयार करणारी कॉइल असेल."

"तिला तूच पास केलंयस. हे बघ हिरवं."

खरंच, तपासलेल्या प्रत्येक भागावर त्याने हिरवी चिठ्ठी चिकटवली होती. बॅटरी पास, कॉइल पास, रेग्युलेटर पास, वायरिंग पास. भाग सगळे पास आणि गाडी तेवढी नापास. चौथ्या 'का'ला भूषण आढ्याकडे बघू लागला. मिनल मान हलवत वर निघून गेली.

तेवढ्यात त्याच्या सासूबाई, तानुबाई, चहाचा कप घेऊन खाली आल्या.

"जावईबापू, च्या निवतोय. अन् गाडी चालू असताना मीटरवर आकडा किती येतोय?"

"मामी, ते जरा टेक्निकल आहे."

"व्हय. पन आकडा किती?"

"बारा पॉइंट एक," भूषण अवघडून म्हणाला. "चौदा व्होल्टच्या आसपास यायला पाहिजे."

"कॉइल करंट पुरता देतीया?"

"देते. पास आहे ती."

"मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला धरा, अन् दुसरं रेगुलेटरच्या अंगाला. गाडी बंद करू नगा."

भूषणला हसू आलं. मायनस काय आणि रेग्युलेटरचं अंग काय, दोन्ही 'अर्थ'च, गाडीच्या लोखंडालाच जोडलेली. मध्ये शून्य येणार, दुसरं काय? पण सासूचा शब्द मोडायचा नाही म्हणून त्याने टोकं लावली. मीटरने दाखवलं, दोन पॉइंट तीन.

त्याने मीटर झटकला. पुन्हा दोन पॉइंट तीन.

"हे दोन व्होल्ट इथं काय करतायत?"

"वाटंत अडकल्यात," मामी म्हणाल्या. "रेगुलेटरला अर्थ गावंना. बोल्ट खोला त्येचा."

बोल्ट निघाला. खाली फ्रेमवर रंग होता, आरशासारखा, भोकाच्या आतपर्यंत. मामींनी वाकून पाहिलं.

"रंग लई झ्याक लावलाय," त्या मनापासून म्हणाल्या. "इतका झ्याक, की करंटालाबी फट गावली न्हाई."

आपल्याच हाताने तो रंग खरवडताना भूषणच्या जिवावर आलं. उघडं लोखंड दिसलं, बोल्ट बसला, इंजिन सुरू झालं. तेरा पॉइंट दोन. तेरा पॉइंट आठ. चौदा पॉइंट दोन.

"मामी, तुम्हाला हे कसं..."

"भोसरीला अठरा वरसं ह्याच कॉइली गुंडाळल्या की. दिसाला दीडशे. पुढं टेस्टिंगबी माझ्याकडंच दिलं."

 मामी पूर्वी 'कामाला जायच्या' एवढं भूषणला माहीत होतं. कुठल्या कामाला, हे लग्नाला सहा वर्षं झाली तरी त्याने विचारलं नव्हतं. पाच 'का' विचारणाऱ्या माणसाला तो एक प्रश्न सुचला नव्हता! तो त्यांच्या बोटांकडे बघत राहिला आणि हिरव्या चिठ्ठ्यांची त्याला फार लाज वाटली.

"ए, माझा चष्मा कुटं ठिवलास गं?" करत खंडूमामा कडक इस्त्रीच्या शर्टात खाली आले. भूषणने त्यांना एका दमात सगळं सांगून टाकलं. रागावतील म्हणून तो तयारच होता. पण मामांचा चेहरा उतरला आणि त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"हळू बोला, जावईबापू. कंपनीत ठावं न्हाई कुनाला."

"काय?"

"अवं, मी समद्यांना 'उद्या सांगतो' म्हनायचो, अन् जेवताना हिला विचारायचो. आज त्या लोकांनी चार बिघडल्याल्या गाड्या आनून ठिवल्यात माझ्यासाठी. आज 'उद्या' म्हनायची सोय न्हाई. अब्रू जायाची माझी."

एवढ्यात मामांचा फोन वाजला. मामांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्यांचा फोन नेहमी स्पीकरवरच असायचा. पलीकडे त्यांचे जुने जोडीदार दत्तोबा होते.

"खंडू, निघालास का?"

"निघतोच हाय. पन दत्तोबा, त्या गाड्यांचं आज काय जमंल असं..."

"तुला कोन जमवाय सांगतंय? वैनींना घिऊन ये."

"तिला कशाला?"

"आरं, वैनी माह्यारी गेल्या की तुझा 'उद्या' आठ दिसांनी उजडायचा. अख्ख्या कंपनीला ठावं हाय. तुला वाईट वाटंल म्हून कोन बोललं न्हाई. तुला यायचं नसंल तर ऱ्हाऊ दे, वैनींना तेवढं धाड."

फोन बंद झाला. मामी खाली बघत मीटरच्या वायरी गुंडाळत होत्या. गाल मात्र दाबलेल्या हसण्याने हलत होते.

 मामांनी खिशातून घडीचा रुमाल काढला आणि मागची सीट स्वच्छ पुसली.

"बसा," ते म्हणाले.

भूषण बसायला पुढे सरकला.

"तुमी न्हाई," मामा म्हणाले आणि बायकोकडे वळून पुन्हा म्हणाले, "बसा."