लस अजून मांजरातच आहे काय?

दाजींच्या मते जगात खरे हेर दोनच: एक ते स्वतः आणि दुसरे आरशातले. हे ते रोज दाढी करताना सांगत आणि त्यांचा मेहुणा रोज मान डोलवी. बहिणीच्या घरी राहायचं म्हणजे एवढं करावंच लागतं.

त्या दुपारी वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई टोपलीत मांजर घेऊन जिन्यात दाजींच्या तावडीत सापडल्या. बाईंच्या बहिणीचं उद्या सकाळी ऑपरेशन होतं आणि गाडी थोड्याच वेळात सुटणार होती. प्राणी सांभाळणारा गृहस्थ मात्र लस चालू असेल तरच मांजर ठेवतो म्हणाला. लस टोचलेली दोन वर्षांपूर्वी. ती अजून चालते का, एवढंच विचारायला बाई जनावरांच्या डॉक्टरणीकडे निघाल्या होत्या.

"मी असताना डॉक्टरीण कशाला?" म्हणत दाजींनी टोपली घरात नेली.

आधी भिंगातून सुईचं भोक शोधलं. ते सापडेना, म्हणजे लस आतच कोंडली गेली असं ठरलं. मेहुण्याने उगाच विचारलं, उन्हाळ्यात ती आटत नसेल ना? दाजी हादरले आणि मांजराला वाटीभर पाणी पाजून बसले. शेवटी सिद्धांत निघाला, की कुत्र्याच्या अंगात लस इमानाने राहते. मांजराची मात्र एव्हाना घर बदलून गेलेली असणार, बहुधा शेजारच्या बोक्यात. बोका आणायला अर्थातच मेहुणा गेला. तो अंगभर ओरखडे घेऊन एकटाच परतला, तेव्हा शिंपीणबाई डोळे पुसत होत्या. बहीण शुद्धीवर येईल तेव्हा आपण इथेच मांजर धरून बसलेल्या असू, असं त्यांना वाटू लागलं होतं.

शेवटी दाजींच्या बायकोने, म्हणजे मेहुण्याच्या ताईने, गॅस बंद केला, डॉक्टरणीला फोन लावला, चार वाक्यं बोलून ठेवला.

"लस त्यांनीच टोचलीय," ती म्हणाली. "काही लशी दरवर्षी घ्याव्या लागतात, ही तीन वर्षं चालते. सांभाळणाऱ्याला त्या स्वतः सांगतायत. बाई, तुम्ही निघा."

"मी तेच म्हणणार होतो. दातांवरून उघड दिसतंय," असं म्हणत दाजींनी पुराव्यादाखल मांजराचा जबडा उघडला. मांजराने तो मिटला. दाजींचं बोट आतच होतं.

शिंपीणबाईंना गाडी मिळाली आणि दाजींना दवाखाना.

"मांजराची लस चालू आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"तीन वर्षांची आहे," दाजी ऐटीत म्हणाले.

"छान. आणि तुमचं धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं होतं?"

दाजींनी स्वतःच्या दंडावर सुईचं भोक शोधून पाहिलं.

"त्या बाबतीत पुरावा उपलब्ध नाही," ते हळूच म्हणाले.

डॉक्टरांनी सुई काढली, आणि जगातल्या दोन हेरांपैकी एकाने मेहुण्याचा हात घट्ट धरला.