तपासनिसांचा फवारा

“काच धूसर होती,” तपासनीस म्हणाले.

“बाबा, फाटकाचा खांब आहे तो! मी शाळेत होते तेव्हापासून तिथेच उभा आहे,” लेक म्हणाली. “तो काय आपणहून चालत गाडीवर आला?”

“काच धूसर असली की खांबही धूसरच दिसणार. साधी गोष्ट आहे.”

हे तपासनीस म्हणजे कुणी बडे अधिकारी नव्हेत. एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि तिथे पडलेलं नाव निवृत्तीनंतरही चिकटून राहिलं. पानभर मजकुरातली चुकलेली वेलांटी ते धान्यातल्या खड्यासारखी उचलून बाजूला काढायचे. अशा माणसाला ‘तुम्हाला दिसत नाही’ असं तोंडावर सांगायची कुणाची छाती होती? लेकही तसं म्हणत नव्हती. खांबाचं कळल्यावर ती खास दोन दिवसांची रजा काढून आली होती आणि एवढंच म्हणत होती, “गाडीची किल्ली माझ्याकडे द्या.”

आता किल्ली गेली तर काय बिघडणार होतं, असं तुम्ही म्हणाल. रिक्षा आहेत, बस आहेत. पण दर गुरुवारी तपासनीस आपल्या बायकोला, म्हणजे गल्लीभर ज्यांना काकू म्हणतात त्यांना, नदीपलीकडे त्यांच्या बहिणीकडे घेऊन जात. बहीण हे निमित्त. घरात या दोघांचं बोलणं व्हायचं ते एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ओरडून, आणि तेसुद्धा ‘नळ बंद केलात का?’ एवढंच. गाडीत बसले, काचा वर केल्या, की मग खरं बोलणं निघायचं. इतक्या वर्षांच्या संसारानंतरही नवराबायकोला बोलायला एक बंद जागा लागते, हे पोटच्या पोरीला सांगायचं तरी कसं? तपासनिसांनी ते सांगितलं नाही. त्यांनी वाद घातला.

“काचेवर पाणी उडत नाही, म्हणून ती धूसर. दांडी ओढली की मोटर नुसती कण्हते. मी दुरुस्त करतो. काच स्वच्छ झाली की तू शेजारी बस आणि बघ मला कसं दिसतंय ते.”

“मेकॅनिककडे टाकू या ना, बाबा.”

“त्यात कसला आलाय मेकॅनिक? एक टाकी, एक मोटर, एक नळी आणि दोन भोकं!”

“ठीक आहे. संध्याकाळपर्यंत पाणी उडालं तर किल्ली तुमची. नाही उडालं तर माझ्या पर्समध्ये.”

झालं! तपासनिसांनी बॉनेट उघडलं. जुना शर्ट घातला, बाह्या सरसावल्या आणि काकूंकडे सुई मागितली. काकूंनी कारण विचारलं नाही, कारण कारण विचारलं की व्याख्यान ऐकावं लागे.

मोटर कण्हते म्हणजे जिवंत आहे, असा पहिला निष्कर्ष निघाला. टाकीत द्रव आहे, तोही निळाच, म्हणजे टाकी ठीक. राहिली नळी. तपासनिसांनी नळीचं टोक काढलं, तोंडात धरलं आणि गाल फुगवून जोरात फुंकर मारली. आत काहीतरी अडलं, गुळगुळलं, आणि जसं गेलं तसंच परत आलं. अर्धं नाकावर, अर्धं मिशीवर.

“शी! बाबा, तोंड धुवा आधी,” लेक ओरडली.

“काही होत नाही. काच धुवायचंच पाणी आहे,” म्हणत त्यांनी बाहीने मिशी पुसली. काम अर्धवट टाकून तोंड धुवायला जाणं त्यांना कमीपणाचं वाटलं.

मग सुई. बॉनेटच्या कडेला पाणी उडवणारी दोन बारीक भोकं होती. तपासनिसांनी ती दोन्ही कोरली. नुसती कोरली नाहीत, तर छापखान्यात अक्षराचा खिळा बसवावा तशी मन लावून, जीभ दातांत धरून कोरली. त्या भरात भोकांची तोंडं काचेकडे होती ती आभाळाकडे झाली, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. नळी लावली, आत जाऊन बसले आणि दांडी ओढली.

पाणी उडालं! पण काचेवर नाही. एक सणसणीत धार टपावरून गेली, मागच्या काचेवरून गेली, फाटकावरूनही गेली, आणि समोरच्या घरातून काळा कोट घालून नेमके त्याच क्षणी बाहेर पडलेल्या वकिलांच्या गळ्यापाशी उतरली.

“अहो तपासनीस! हे काय चाललंय?”

“उडालं!” तपासनीस गाडीतूनच ओरडले. “लेकी, बघितलंस? उडालं की नाही?”

“मी माझ्याच सत्काराला निघालोय हो!”

“पाणीच आहे वकीलसाहेब, वाळेल!”

वकील रुमालाने गळा पुसत, पुटपुटत निघून गेले. लेकीने डोक्याला हात लावला. “काचेवर उडायला हवं होतं, बाबा. वकिलांवर नाही.”

तपासनिसांनी भोकांची तोंडं पुन्हा काचेकडे वळवली आणि दांडी ओढली. यावेळी पाणी काचेवर आलं. वायपर फिरला, आणि होती नव्हती तेवढी काचही दुधाळ होऊन गेली. पुन्हा दांडी ओढली. आणखी दुधाळ. तिसऱ्यांदा मोटर कण्हली आणि भोकं बंद.

ते गाडीतून उतरले आणि पायरीवर जाऊन बसले. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या, जेवायला चला म्हणाल्या. “भूक नाही,” असं ते म्हणायला गेले आणि म्हणता म्हणता थांबले. वरचा ओठ हलेना. त्यांनी मिशी चाचपली. ती झाडूसारखी ताठ उभी होती.

नेमके तेव्हाच वकील परत आले. रागावून नव्हे, चक्रावून. त्यांची मान उजवीकडे वळत नव्हती.

“तपासनीस, हे पाणी नाही. माझी कॉलर कडक झालीय. सत्कारात हार घालताना हार बाजूने घसरला! कोटावर हे पांढरे डाग बघा.”

काकू पुढे झाल्या. त्यांनी वकिलांची कॉलर दोन बोटांत धरून वाकवून पाहिली, मग आपल्या नवऱ्याच्या मिशीकडे पाहिलं आणि एकदम तोंडावर हात ठेवला.

“अगं बाई! ही तर माझी खळ!”

काकूंचा स्वभाव असा, की रिकामी बाटली टाकायला त्यांचा हात धजायचा नाही. त्यांच्या घरात खोबरेल तेल शांपूच्या बाटलीत आणि फिनेल सरबताच्या बाटलीत राहत असे. सुती कपड्यांना घालायची, नीळ मिसळलेली पातळ खळ त्यांनी काच धुण्याच्या द्रवाच्या रिकाम्या बाटलीत भरून मोरीतल्या फळीवर ठेवली होती. तपासनिसांनी बाटली ओळखली आणि गाडीच्या टाकीत ओतली. गेले कितीतरी दिवस ते काचेला खळ घालत होते आणि ऊन तिला इस्त्री करत होतं.

लेक पोट धरून हसली. वकीलही हसले, जेवढी मान हलत होती तेवढे. तपासनीस मात्र उठून उभे राहिले. त्यांच्या अंगात बळ आलं होतं.

“म्हणजे काच खरोखरच धूसर होती! ऐकलंस? मी काय म्हणत होतो?”

“हो, बाबा. चुकलं माझं,” लेक म्हणाली, आणि तिला मनापासून वाईट वाटलं.

मग काकूंनी पातेलंभर पाणी गरम केलं. टाकी रिकामी झाली, नळी धुतली गेली, भोकं पुन्हा कोरली गेली, आणि संध्याकाळच्या आत दोन नाजूक कारंजी काचेवर बरोबर मध्यावर येऊन पडली. वायपर फिरला आणि काच लख्ख झाली. लेकीने किल्ली बाबांच्या हातावर ठेवली.

तपासनीस मिशी धुवायला मोरीत गेले, तेव्हा काकू फळीवरच्या बाटल्या लावत होत्या.

“चूक तुझी आहे,” ते मजेत म्हणाले. “फिनेलचं सरबत होता होता वाचलं, तेव्हा काय ठरलं होतं आपलं? बाटलीत जे असेल ते बाटलीवर लिहायचं.”

खळीची बाटली काकूंच्या हातात होती आणि त्यांनी तळवा तिच्या पोटावर घट्ट धरला होता.

“काय आहे तिथे?”

“काही नाही. डाग पडलाय.”

काकू डाग झाकणाऱ्यातल्या नव्हेत, घासणाऱ्यातल्या. तपासनिसांनी त्यांचा हात हळूच बाजूला केला आणि बाटली खिडकीपाशी नेली. आधी खरंच डागच दिसला. ती त्यांनी लांब धरली, मग जवळ धरली, मग उजेडात तिरकी केली. बोटभर उंचीची काळी ठसठशीत अक्षरं होती. खळ.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या होत्या त्यांनी. आता स्वतःची सापडली होती आणि तिच्यावर लाल खूण करायचं जिवावर आलं होतं.

“अक्षर छान आहे तुझं,” शेवटी ते म्हणाले. “शुद्धही आहे.”

“मी तिला काही सांगणार नाही हं,” काकू हलक्या आवाजात म्हणाल्या. “गुरुवारी आपण हळू जाऊ. मी खांब सांगत जाईन.”

तपासनिसांना हसू आलं. ते बाहेर गेले आणि त्यांनी किल्ली लेकीपुढे धरली.

“उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय. गाडी तू चालव.”

“अहो बाबा, पण काच तर—”

“काच झाली. आता दुसरी दुरुस्ती.”

दुसऱ्या दिवशी ते सवयीने पुढचं दार उघडायला गेले, तेव्हा काकू आतून म्हणाल्या, “मागे बसा माझ्याशेजारी.” बसले. काचा वर गेल्या. काकूंनी बहिणीच्या सुनेची एक गोष्ट काढली आणि तपासनीस पहिल्यांदाच रस्त्याकडे न बघता, बायकोच्या तोंडाकडे बघत ती ऐकू लागले. शेजारून तोंड स्पष्ट दिसत होतं.

चौकात गाडी थांबली तेव्हा ते पुढे झुकले. “लेकी, जरा काचेवर पाणी मार.”

“काच स्वच्छ आहे, बाबा.”

“माहीत आहे गं. तरी मार.”