एकाच पंपात

सदाशिवरावांनी दोन औषधं एकाच पंपात कालवायचं ठरवलं आणि तिथूनच सगळं बिघडलं.

तसं कालवणं त्यांना नवं नव्हतं. नालवाडीच्या मळ्यात वांग्यावर अळी आणि मावा एकदम आला, की दोन्हींची औषधं ते एकाच फवारणी पंपात ओतायचे. तो जड पंप दोनदा पाठीवर कोण वागवणार? (या हुशारीत एकदा अख्खी मिरची करपली होती. खापर त्यांनी हवामानावर फोडलं.)

या खेपेला मात्र रोग वांग्यावर नव्हता, त्यांच्याच कंबरेत होता. कंबर अशी आखडली, की खाली बसलं तर उठवायला माणूस लागे. शेवटी कुसुमबाईंनी नवऱ्याला बजावलं, "खाली बसून, हात न टेकता उठून दाखवा, मंगच बाजारात या. नाईतर खुर्ची घ्या."

खुर्ची! वर्ध्याच्या बाजारात कोपऱ्यावरच्या त्या जागेवर सदाशिवरावांनी उभा जन्म मांडी घालून भाजी विकली होती. खुर्चीत बसून विकतो तो शेतकरी नव्हे, दलाल, असं ते येता-जाता लोकांना ऐकवत. आता तेच बोलणं गळ्यात पडणार, या धास्तीने त्यांना घास गोड लागेना. मुळात माणूस चुळबुळ्या. चहा निवेपर्यंतही दम नसे, रोज जीभ पोळून घेत.

वर्ध्याच्या फिजिओथेरपीवाल्या प्रेरणा मॅडमनी त्यांना व्यायाम दाखवले आणि एक लांब निळा रबरी पट्टा दिला. सोबत देवळातल्या प्रेमदास गुरुजींकडे योगासनंही करा म्हणाल्या. सकाळी आसनं, संध्याकाळी पट्टा, आणि दोन्ही सोसेल तेवढंच.

"किती दिवस कराचं?" सदाशिवरावांनी विचारलं.

"काका, दिवस कसले मोजता? जन्मभर करायचं. दात घासतो ना, तसं."

सदाशिवराव हादरले. पालकसुद्धा पेरला की महिन्याभरात कापणीला येतो, आणि ही कंबर जन्मभर? बाजाराच्या दिवशी सकाळी त्यांनी मनाशी ठरवलं, की योग आणि फिजिओ एकदमच मारायचं, आणि डोसही वाढवायचा.

सतरंजीवर त्यांनी कण्हत-कुथत घट्ट मांडी घातली. पट्टा पाठीमागून घेऊन दोन्ही गुडघ्यांवरून आवळला आणि पोत्याच्या तोंडाला मारतात तशी गाठ मारली. पाठ ताठ झाली. सदाशिवराव खूश झाले. मग उठायला गेले तर गाठ सुटेना. रबरच ते, ओढावं तितकं आवळत गेलं.

एवढ्यात बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. सदाशिवरावांनी झटकन खांद्यावरचा दुपट्टा पाठीवरून मांडीपर्यंत लपेटून घेतला, तोच मुलगा शुभम आत आला.

"बाबा, काय करून राह्यले?"

"ध्यान."

मागोमाग कुसुमबाई आल्या. सदाशिवरावांनी दुपट्टा आणखी घट्ट धरला. पट्टा दिसला असता तर बाजार कायमचा बंद झाला असता.

"अवो, उठा ना! टेम्पो थांबून राह्यला."

"आसन लागलं माहं. मधात मोडलं तं कंबर उलटी फिरते. मले असंच उचलून न्या."

असलं बोलणं कुसुमबाईंनी संसारात पुष्कळ ऐकलं होतं, आणि तिकडे मेथी कोमेजत होती. शुभम आणि टेम्पोवाला आदेश, दोघांनी बगलेत हात घालून सदाशिवरावांना उचललं.

"काकाजीले कुठं ठेवू? टमाटरावर?" आदेशने विचारलं.

"टमाटर दबते. वांग्यावर ठेव," कुसुमबाई म्हणाल्या.

बाजारात त्यांना त्यांच्या जागेवर मांडलं. खांब गाडल्यासारखे ते ताठ बसले. गिऱ्हाइकं कौतुकाने बघायची. आजूबाजूचे भाजीवाले म्हणाले, "सदाशिवराव तं जवान झाले!" सदाशिवरावांना आतून गुदगुल्या होत होत्या, आणि पायांना मुंग्या. जन्मात कधी एका जागी न टिकलेला तो माणूस अंग हलवायलाही महाग झाला होता. पण जागा राखली होती, बस्स.

दुपारी पालक घ्यायला नेमक्या प्रेरणा मॅडम आल्या.

"वा काका! काय सुरेख बसलात! आता जरा उठून दाखवा."

"मंग दाखवतो."

"मंग कायले?" कुसुमबाईंनी तराजू खाली ठेवला. "आपलं ठरलंच होतं. उठा."

"आसन..."

"सकाळपासून आसनच करून राह्यले?" असं म्हणत कुसुमबाईंनी दुपट्टा ओढला. निळा पट्टा सगळ्या बाजाराला दिसला. मॅडमनी तोंडावर हात ठेवला. ते हसू होतं की धक्का, हे सदाशिवरावांना आजवर कळलेलं नाही.

कुसुमबाईंनी पत्ताकोबी कापायच्या विळ्याने पट्टा कापला. सट्कन आवाज झाला आणि सदाशिवराव मांडीसकट उताणे टमाटरांवर पडले.

"माहे पाय कुठं हायेत?" त्यांनी घाबरून विचारलं.

"इथंच हायेत," कुसुमबाई म्हणाल्या, "अक्कल शोधा."

पुढच्या बाजाराला कोपऱ्यावरच्या जागेत कुसुमबाई मांडी घालून बसल्या. त्यांच्या मागे लाल प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीत सदाशिवराव. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे ते मुकाट्याने पाऊल वर-खाली करत होते.

एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने वाकून पाहिलं. "काऊन बाई, मालक आज असे मांगं ठेवले?"

कुसुमबाईंनी मेथीची जुडी त्याच्या पिशवीत टाकली.

"बियाचा दोडका हाये तो. विकाचा नसते, भाजीच्याही कामाचा नाई. राहू द्याचा वेलावर."