कप्तानाचा भाऊ

लॉन्सेस्टनच्या ‘शेवटचं दीपगृह’ या जुन्या मालिकेच्या चाहता मंडळाच्या अंकात चौथ्या पानावर थोडी जागा उरली, तेव्हा ग्लेनिसने सरळ नायिकेला, कप्तान मर्नाला, एक भाऊ देऊन टाकला. नाव ठेवलं ऑस्बर्ट, स्वतःच्या बोक्याचं. मालिका बंद पडून छत्तीस वर्षं झाली होती, कोण एवढं बघतंय, असं तिला वाटलं.

पण मंडळाचा एक नियम होता. अंकात छापलेल्या गोष्टीवर तीन महिन्यांत कोणी हरकत घेतली नाही, तर ती दीपगृहाच्या जगात खरी. हरकत घेणं राहिलं बाजूला, अध्यक्ष नेव्हिलने ऑस्बर्टची वंशावळ काढली, कुणी त्याचा गणवेश शिवला, आणि तो थोरला की धाकटा यावरून दोन बायकांनी अबोला धरला. ग्लेनिसला घास गोड लागेना. एकवीस वर्षं मंडळाची नोंदवही तिच्याकडे होती. हे उघडकीला आलं तर वहीही जाणार आणि मानही.

वार्षिक मेळाव्याला नेमके मालिकेचे लेखक रॉडरिक हेल आले. वय ब्याऐंशी. हातात लॅमिंग्टन केकचा तुकडा घेऊन ते भिंतीवरच्या वंशावळीपुढे थबकले.

“हा ऑस्बर्ट कोण?”

“मर्नाचा भाऊ,” नेव्हिल म्हणाला.

“तिला भाऊबिऊ नाही हो. मीच लिहिलीय ना ती.”

“लिहिलीत, नाही कोण म्हणतंय?” नेव्हिलने त्यांची समजूत घातली. “पण हरकतीची मुदत संपली. शिवाय तुम्ही सभासद नाही.”

ग्लेनिसला आता राहवेना. ती उभी राहिली आणि ऑस्बर्ट आपणच घुसडला, तो आपला बोका आहे, असं तिने भर सभेत सांगून टाकलं.

नेव्हिलने चष्मा पुसला. “हे तू अंकात छापलंयस?”

“नाही.”

“मग ते धरता येत नाही. बस खाली.”

चहाच्या वेळी हेल तिच्याशेजारी येऊन बसले. शेवटच्या भागात मर्नाला एकटंच सोडलं, ते इतकी वर्षं मनाला लागून राहिलं होतं, असं म्हणाले. “तिला कोणीतरी आहे म्हणायचं. बरं केलंत बाई.” ग्लेनिसला भरून आलं.

त्याच दुपारी त्यांनी सभासदत्वासाठी अर्ज केला. नियमाप्रमाणे प्रवेशपरीक्षा झाली आणि पेपर ग्लेनिसनेच तपासला. बारापैकी सात प्रश्न चुकले होते. ऑस्बर्टचा तेवढा त्यांनी सविस्तर लिहिला होता.