सुंदरामावशीला कापड पसंत पडेना

सुंदरामावशी माणसाच्या तोंडाकडे बघत नाही, आधी कापडाकडे बघते. तुम्ही पाया पडायला वाकलात की तिचा हात डोक्यावर न जाता थेट तुमच्या बाहीवर जातो. बाहीची कड अंगठा आणि बोटात धरून ती जराशी चोळते, डोळे मिटते आणि निकाल देते, "सुती हाये. फाटलं की माझ्याकडं दे." नाहीतर नुसतंच, "प्लास्टिक!"

जाफराबादच्या आमच्या गल्लीत हा निकाल न ऐकलेला माणूस नाही. एका लग्नात तिने भर मांडवात नवरदेवाची शेरवानी चोळून बघितली. मुलीकडच्यांना वाटलं, नवरदेवाची आत्या असेल. एकदा मतं मागायला एक पुढारी आले, हात जोडून तिच्या दारात उभे राहिले. मावशीने त्यांचा सदरा चोळला आणि फार कळवळून विचारलं, "बाबा, खादी म्हणून कोण दिलं रे तुला हे?" पुढारी मत न मागताच पुढच्या घराकडे सरकले.

मावशी आमच्या समोर राहते. सत्तरी कधीच ओलांडली. नवरा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधायला होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. दोन खोल्या, पुढे शहाबादी फरशीचं अंगण, आणि त्या अंगणात बारा महिने पसरलेले रंगीत तुकडे. मावशी गल्लीभराच्या गोधड्या शिवते. शिवते म्हणण्यापेक्षा निवडते म्हणणं बरं. धावदोरा घालणं हे तिच्या मते किरकोळ काम. "सुई कोनी बी चालवतं," ती म्हणते, "कापड निवडायला अक्कल लागती." आणि कापायलाही. तिची कात्री शिंप्याच्या कात्रीसारखी लांब, जड आहे. त्या कात्रीने कुणी कागद कापला तर ती त्या घराशी बोलणं सोडते.

तुकडे कापून झाले की ती ते फरशीवर मांडते आणि कंबरेवर हात ठेवून भोवती फिरते. मग येईल-जाईल त्याला थांबवते. "हा पिवळा हितं बराबर बसला का?" बसला म्हटलं की ती तो उचलते. नाही बसला म्हटलं तरी उचलते. जांभळ्याशेजारी पोपटी कधीच ठेवत नाही. "रातभर भांडतेत ते. पांघरणाराला झोप लागंन का?" या चर्चेत एकदा दूधवाल्याचं अख्खं कॅन उन्हात नासलं. तेव्हापासून तो गल्लीच्या तोंडाशीच हाळी देतो.

माझ्या एका निळ्या चौकड्याच्या शर्टावर तिचा फार दिवस डोळा होता. सकाळी मी खता-बियाण्याचं दुकान उघडायला निघालो की समोरून आवाज येई.

"दिनकरा, कॉलर गेली का?"

"नाही मावशी."

"मंग राहू दे. माझी काही जल्दी न्हाई."

माणसाच्या तब्येतीची चौकशी करावी तशी ती त्या शर्टाची करायची. शेवटी तो दोरीवरून नाहीसा झाला. माझी बायको वर्षा म्हणाली, "वाऱ्याने उडाला असेल." वारा समोरच्या अंगणाकडेच वाहतो, हे मला पुढे कळलं.

गेल्या साली आमची ज्योती बाळंतपणाला माहेरी आली आणि मावशीने जाहीर केलं, "बाळाची गोधडी मी करनार. मधात कोनी पडू नका." जावईबापूंनी ऑनलाइन मागवलेलं, अस्वलांची चित्रं असलेलं लुसलुशीत ब्लँकेट वर्षाने तिला कौतुकाने दाखवलं. मावशीने ते चोळलं. "अस्वलाला अस्वलाचंच कातडं शोभतं," म्हणाली आणि परत केलं.

बाळाच्या गोधडीला तिचे कायदे कडक. नवं कापड बिलकुल नाही. धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलंच हवं. आणि दोन्ही घरचं हवं. आमच्याकडून तिने वर्षाची एक साडी घेतली, माझ्या आईचं लुगडं घेतलं, ज्योतीच्या लहानपणीचा फ्रॉक घेतला. मग मला म्हणाली, "आता वाटूरला, ज्योतीच्या सासरी फोन लाव. ईनबाईला म्हन, एखादं जुनेर पाठवा."

लेक देऊन अजून पुरतं वर्ष झालं नव्हतं, आणि विहिणीकडे जुनी साडी मागायची! मी चार दिवस टाळलं. शेवटी मावशी रोज दारात येऊन उभी राहू लागली, तेव्हा फोन लावला. लताबाई, आमच्या विहीणबाई, करारी बाई. मी कसाबसा निरोप सांगितला. मग उत्तर आलं, "आमच्या घरात जुनेरं नसतात." दुसऱ्याच दिवशी जीपवाल्याबरोबर एक कोरी करकरीत साडी खोक्यासकट आली.

मावशीने खोकं उघडलं, साडी चोळली आणि खोकं बंद केलं. "टोचंन लेकराला. वापस पाठवा."

आता विहिणीने पाठवलेली साडी परत पाठवणं म्हणजे काय, ते वाचकांना सांगायला नको. साडी जाफराबादहून वाटूरला गेली आणि तिच्यामागोमाग वाटूरहून खुद्द लताबाई आल्या. जीपमधून उतरल्या तेव्हाच त्यांचा चेहरा पाहून मला दुकानातलं काम आठवलं. पण वर्षाने जाऊ दिलं नाही. लताबाई ओसरीत टेकल्या, पाणी नको म्हणाल्या, आणि "हे बघा दिनकरराव" म्हणून सुरुवात करणार, तेवढ्यात समोरून मावशी आली. ना नमस्कार, ना रामराम. सरळ लताबाईंचा पदर हातात घेतला.

"हीच!" मावशी ओरडली. "अवो ईनबाई, हीच तं पायजे! कवाची हाये?"

लताबाई चमकल्या.

"माझ्या आईने घेतल्ती," त्या म्हणाल्या. "प्रवासात बरी पडती म्हणून नेसते."

"आई हाये का?"

"न्हाई. गेली."

मावशी त्यांच्याजवळ खाली बसली. पदर तिने सोडला नव्हता. "निवडून घेतली बाईनं," ती हळूच म्हणाली. "सूत बघूनच घेतली."

लताबाईंनी डोळ्याला पदर लावला, म्हणजे लावायला गेल्या, पण तो मावशीच्या हातात. मग दोघीही हसल्या. थोड्या वेळाने लताबाई वर्षाची साडी नेसून आतून बाहेर आल्या आणि आपली साडी मावशीपुढे ठेवली. मावशीने ती उन्हाकडे धरली, कुठला भाग जास्त विरला आहे ते बघितलं, आणि तिथून फक्त एक वीतभर तुकडा कापला. बाकीची साडी कड दुमडून, टीप घालून परत दिली.

ज्योतीला मुलगी झाली. बारसं झालं. गोधडी झाली नाही. विचारायला गेलं की मावशी म्हणायची, "निळा बराबर बसना." निळा बसला तर पांढरा रुसायचा. अख्खी गल्ली विचारून थकली. मी दुकानाला जाताना विचारायचो, वर्षा भाजी निवडता निवडता विचारायची, ज्योती लेकीला घेऊन दिवसातून दोनदा बघून यायची. मुलगी बिचारी अस्वलांत झोपत होती. वाटूरला परत जायचा दिवस जवळ आला.

एका दुपारी वर्षा थालीपीठ घेऊन समोर गेली. मावशी उंबऱ्यावर बसली होती. मांडीवर गोधडी होती. पुरी झालेली. चारी कडा घातलेली, निळा-पांढरा-लाल सगळे आपापल्या जागी. आणि मावशी सुईच्या टोकाने एका कडेचा दोरा उसवत होती.

"मावशी! ही तर झालीय की!"

मावशी दचकली, पण गोधडी लपवली नाही.

"कवाच झाली," ती म्हणाली.

"मग दिली का नाही?"

मावशी दोऱ्याची गुंडी करत राहिली. "दिली की संपलं, वर्षा. समदे दिसातून धा बार इचारून राह्यलेत, झाली का, झाली का. झाली म्हनलं तं कोन येतंय? मंग दार लावून बसायचं."

वर्षा ताटली खाली ठेवून तिच्याजवळ बसली. घरी आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. तिने मला आणि ज्योतीला सगळं सांगितलं. आम्ही मावशीला काही बोललो नाही. फक्त निघायच्या दिवशी ज्योती समोर गेली.

"मावशी, मला सोडायला वाटूरला तूच चल. राहिलेली कड तिथं शीव."

"मी? येड लागलं का? पाव्हन्याच्या घरी माझं काय काम?"

ज्योतीने सासूला फोन लावून मोबाईल मावशीच्या कानाला धरला. लताबाईंचा आवाज आम्हाला अंगणात ऐकू येत होता, "या हो! घरात जुनेरांचा ढीग पडलाय."

मावशी एक पिशवी, कात्री आणि मांडीवर गोधडी घेऊन जीपमध्ये बसली. दाराची किल्ली माझ्या हातात दिली, दोन-चार दिवसांत येईन म्हणाली.

आली नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. गल्ली रिकामी वाटू लागली. समोरची फरशी नुसतीच फरशी. दुकानाला निघताना मला कुणी हटकेना. दूधवाला आत येऊन विचारून गेला, "मावशी कुठं गेली?" शेवटी वर्षाने जोर केला आणि मी वाटूरला फोन लावला.

"एवढ्यात नाही सोडणार आम्ही," लताबाई म्हणाल्या. "आमच्या गल्लीतल्या चार घरच्या गोधड्या राहिल्यात अजून. सगळ्यांच्या कपाटांत बघून झालं त्यांचं."

मग फोन मावशीकडे गेला. ती जोरजोरात बोलली. ईनबाई बरी हाये, पोरगी गोधडीवरच झोपती, हितल्या लोकांला रंगातलं कळत न्हाई. वर्षा जेवती का बराबर, असंही विचारलं. मी फोन ठेवणार, तेवढ्यात तिचा आवाज बारीक झाला.

"दिनकरा, किल्ली तुझ्याकडंच हाये ना?"

"आहे मावशी."

"मंग सकाळी दुकानाला जाताना माझं दार उघडं करून जात जा. संध्याकाळी लाव. दिवसा बंद दार बरं न्हाई दिसत."

तेव्हापासून मी रोज उघडतो.